पालकांसह हजर राहावे

“एवढी एक सही कर आणि जेवायला जा,” पाटणे मॅडम म्हणाल्या. “मेसमध्ये आज शेवयांची खीर आहे.”

कागद आधीच टाइप केलेला होता. वर माझं नाव, वनिता तुळशीराम ठोसर, तृतीय वर्ष कृषी. खाली चार ओळी. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी दुसऱ्याने तयार केलेली कीटकपेटी मी स्वतःची म्हणून सादर केली, त्याबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असे होणार नाही. पाटणे मॅडम आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या आणि कॉलेजच्या शिस्त समितीवरही होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडे सरकवलं.

“मॅडम, पेटी माझी आहे.”

“असेल गं. तुझी नाही असं कोण म्हणतंय?”

“या कागदात मीच म्हणतेय.”

मॅडमना हसू आलं. त्या वाईट बाई नव्हत्या. आजारी मुलीच्या उशाशी बसायच्या, घरची आठवण येऊन रडणारीला स्वतःच्या खोलीत चहा द्यायच्या. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. सही केली तर प्रात्यक्षिकाचे गुण जातील, बाकी केसालाही धक्का लागणार नाही. सही नाही केली तर प्रकरण समितीपुढे जाईल, तिथे दोष लागला की पूर्ण वर्ष गेलं. “आणि समितीपुढे गेलेलं पोरगं सुटून आलेलं मी तरी अजून पाहिलं नाही.”

वर्ष जाणं म्हणजे काय, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी शिष्यवृत्तीवर शिकत होते. नापास झालं की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद झाली की मी पुन्हा आमच्या पिठाच्या चक्कीवर. शिवाय मोठ्या काकांनी दर्यापूरकडचं एक स्थळ केव्हाचं धरून ठेवलं होतं. त्यांना फक्त निमित्त हवं होतं.

तरीही मी पेनाचं टोपण परत लावलं आणि पेन त्यांना दिलं. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. खीर संपली होती, हे खाली गेल्यावर कळलं.

आता पेटीचं सांगते. आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने कीटक पकडून, सुकवून, टाचणीला लावून, काचेच्या झाकणाच्या लाकडी पेटीत मांडून द्यायचे असत. पण पकडत कोणीच नसे. आजेसासूची पाटली नातसुनेकडे जावी तशा या पेट्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येत. नव्या पोराने फक्त लाकडाला पॉलिश मारायचं, जुन्या चिठ्ठ्या काढून आपल्या अक्षरात नव्या लावायच्या आणि भरपूर डांबरगोळ्या टाकायच्या. काही भुंगेरे आमच्यापेक्षा जास्त वर्षं कॉलेजात होते. हे पोरांना ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, शिपायालाही ठाऊक होतं.

माझ्या गावाकडचं वरच्या वर्गात कोणी नव्हतं, म्हणून मला पेटी देणारं कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला किडे पकडायला आवडायचं. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. चक्कीच्या दारावर बाबांनी ट्यूबलाइट लावली होती, तिच्यावर पावसाळ्यात जंगलातलं काय काय येऊन आपटायचं. तिथेच एका संध्याकाळी मला तो पतंग मिळाला. पोपटी पंखांचा, तळहातापेक्षा मोठा, मागे दोन लांब शेपट्या. मून मॉथ. डाव्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं, तरी मी हरखून गेले होते.

त्याच पतंगाने माझा घात केला. गेल्या वर्षी वरच्या वर्गातल्या एका मुलाच्या पेटीत असाच पतंग होता आणि त्याच्या पेटीला पहिला नंबर मिळाला होता. कीटकशास्त्राच्या मोहरील सरांनी माझी पेटी उघडली, पतंग पाहिला आणि लगेच झाकण लावलं. “हा गेल्या वर्षीचाच,” ते शेजारच्या सरांना म्हणाले. जुने भुंगेरे वर्षानुवर्षं पास करणाऱ्या माणसाला नेमका माझाच पतंग खटकला. बाकीच्यांच्या पेट्या साध्या होत्या, त्यामुळे त्या खऱ्या वाटत होत्या.

सही नाकारल्यावर समितीची नोटीस आली. “पालकांसह हजर राहावे,” एवढंच तिच्यात होतं, आणि तारीख. आरोप काय, पुरावा काय, याचा पत्ता नव्हता. मी प्रवेशाच्या वेळी मिळालेली नियमांची पुस्तिका काढली. आमच्या खोलीत ती खिडकीच्या फटीत कोंबलेली असे, वारा येऊ नये म्हणून. तिच्यात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. आरोप लेखी कळवला पाहिजे. पुरावा विद्यार्थ्याला दाखवला पाहिजे. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा करता येणार नाही. आणि त्याला सोबत म्हणून एक विद्यार्थी किंवा शिक्षक आणता येईल.

मी ती पुस्तिका घेऊन पाटणे मॅडमकडे गेले.

“तू शेती शिकायला आलीस की वकिली करायला?” त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी आरोपाचा कागद मिळाला.

राहिली सोबत. मी चित्राला विचारलं. चित्रा माझी रूममेट, अकोटची. तीन वर्षं आम्ही एका आरशात वेण्या घातल्या होत्या. तिच्या टायफॉइडमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती नाही म्हणेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

“काही बोलायचं नाही तुला,” मी म्हणाले. “नुसतं शेजारी बसायचं.”

चित्रा ओढणीला पीळ घालू लागली. “वने, बह्याड आहेस का तू? मी तिथं बसली आन् मोहरील सरानं मलेच इचारलं, तुई पेटी कुठून आली वो, तं?”

“तुझ्यावर आरोप नाही.”

“आज नाही. उद्या?” तिचे डोळे भरून आले. “माई पेटी माह्या आत्येभावाची आहे, तुले माहीत आहे. अर्ध्या वर्गाची तशीच आहे. तू सही करून टाकली असती तं कोणाच्याच पेटीकडं कोणी पाह्यलं नसतं.”

तेव्हा मला कळलं की मेसमध्ये मी बसले की टेबल का रिकामं होतं. मला वाटत होतं, मला चोर समजून पोरी टाळतायत. तसं नव्हतं. माझी पेटी खरी आहे हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं, आणि म्हणूनच कोणाला माझ्याजवळ बसायचं नव्हतं. मी खोटी असते तर चार जणींनी येऊन माझी समजूत घातली असती. त्या आठवड्यात मी एकटीच जेवले, एकटीच तासाला गेले, एकटीच आले. चित्रा खोलीत असली तरी झोपल्यासारखी भिंतीकडे तोंड करून पडायची. एवढ्या माणसांत राहून इतकं एकटं वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आईची फार आठवण यायची. पण घरी काही कळवलं नव्हतं, कळवणारही नव्हते.

ते काम पाटणे मॅडमनी केलं. गावच्या दवाखान्यात फोन होता, तिथे त्यांनी निरोप ठेवला. सुनावणीच्या सकाळी मी कार्यालयाकडे गेले तर बदामाच्या झाडाखाली बाबा उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात पिशवी. कितीही धुतलं तरी त्यांच्या भुवयांत पीठ राहायचंच. ते पाहून मला रडू कोसळायला आलं, पण मी ते आवरलं.

“बाबा, तुम्ही कायले आले?”

“बोलावलं म्हून आलो. तुया मायनं ठेचा देल्ला, भाकर हाय. खाल्लं का काही?”

“बाबा, ऐका. ते म्हणतात का मी...”

“राहू दे.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आधी पानी पे. तोंड पाह्य कसं झालं.”

बाबांची एक रीत होती, ती इथेच सांगायला हवी. साहेब दिसला की ते आधी हात जोडायचे, कारण नंतर. वीज कंपनीचा माणूस मीटर पाहायला आला तरी “चुकलं असन तं माफ करा” म्हणूनच त्याला आत घ्यायचे. मीटर बरोबर असायचं. चुकलंय की नाही हा प्रश्न त्यांच्या लेखी फार पुढचा. मोठा माणूस रागावलाय ना, मग आधी त्याला थंड करायचा. त्यांच्या वडिलांनी हेच केलं होतं, आणि त्यांच्या मते घर अजून उभं होतं ते यामुळेच.

आत मला एकटीलाच बोलावलं. लांब टेबलापलीकडे मधोमध प्राचार्य देशकर सर, एका बाजूला मोहरील सर, दुसऱ्या बाजूला पाटणे मॅडम. अलीकडे दोन खुर्च्या. मी एकीवर बसले.

“सोबत कोण आहे?” देशकर सरांनी विचारलं.

“कोणी नाही सर.”

“ठीक. लिहून घ्या मॅडम, सोबती नको म्हणाली.”

“नको नाही म्हणाले सर. कोणी आलं नाही.”

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, “बरं. तसं लिहा.”

मोहरील सरांनी बोलायला सुरुवात केली. पतंग दुर्मिळ आहे, गेल्या वर्षीच्या पेटीत तोच होता, मुलीच्या चेहऱ्यावरही अपराध दिसतो, वगैरे. मी पुस्तिकेत वाचलं होतं तसं म्हणाले, “सर, मला पुरावा पाहायचा आहे. माझी पेटी इथे आणा.”

“पेटी कशाला? मी सांगतोय ना.”

“आणवू या,” देशकर सर म्हणाले. शिपाई गेला. तो येईपर्यंत थांबणं मोहरील सरांना जमेना.

“वडील आलेत ना हिचे? तोवर त्यांना तरी बोलवा.”

बाबा आत आले. चपला दाराबाहेर काढून आले होते. माझ्या शेजारची खुर्ची त्यांना दिसली, पण ते बसले नाहीत. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि ते टेबलापर्यंत वाकले.

“सायेब, लेकराचं चुकलं. पोर हाय, अक्कल नाही. या टायमाले पदरात घ्या. तुमीच माय-बाप.”

“बाबा!” मी म्हणाले, पण ते वाकलेलेच राहिले.

“बघा,” मोहरील सर देशकर सरांकडे वळले. “वडीलच कबूल करतात. आता काय राहिलं?”

पाटणे मॅडमनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांना माझं वाईट व्हायला नकोच होतं. “फार समजूतदार माणूस आहे,” त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या. “पालकांनी चूक मान्य केली. सौम्य शिक्षा करावी, असं सुचवू या ना सर?”

“बाबा, तुम्ही बाहेर बसा,” देशकर सर मऊ आवाजात म्हणाले. बाबांनी पुन्हा एकेकाला हात जोडले. जाताना माझ्याकडे पाहून त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, की झालं काम, भिऊ नको. दार लागलं.

अख्ख्या जगातून माझ्यासाठी त्या दारातून आत आलेला एकच माणूस, आणि तो येऊन हे बोलून गेला होता. मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. आता गप्प बसले तर दोन मिनिटांत सगळं मिटणार होतं. बाबांचा शब्द राहणार होता, गुण तेवढे जाणार होते. बोलले तर तीन मोठ्या माणसांसमोर बापाला खोटं पाडायचं होतं. आमच्या घरात आजवर बाबांचं बोलणं कोणी खोडलेलं नव्हतं. काकाही खोडत नसत.

“सर, ते लिहू नका,” मी म्हणाले.

“का?”

“माझे वडील ही पेटी झाली तेव्हा चक्कीवर दळण दळत होते. नोटीस काय आहे हेही त्यांना माहीत नाही. त्यांना काहीच माहीत नसताना त्यांचं बोलणं पुरावा कसं होईल?”

“म्हणजे वडील खोटं बोलले?” मोहरील सर म्हणाले.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. “खोटं नाही सर. माया करतात ते. पण मी काही केलेलं नाही. आरोप माझ्यावर आहे, उत्तर माझं लिहा.”

तेवढ्यात शिपायाने पेटी आणून टेबलावर ठेवली. देशकर सरांनी झाकण उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. पोपटी पतंग मधोमध होता.

“याची डावी शेपटी तुटलेली आहे,” मी म्हणाले. “मिळाला तेव्हाच तुटलेली होती. गेल्या वर्षीच्या पतंगाची होती का?”

देशकर सरांनी मोहरील सरांकडे पाहिलं. “होती?”

“आता... इतकं कोण लक्षात ठेवतं?”

“गेल्या वर्षीची पेटी कुठे आहे?”

“त्या मुलाने परत नेली असेल.”

“तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत?”

मोहरील सरांचे कान लाल झाले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “एवढी सत्यवादी आहेस तर सांग, तुझ्या वर्गात जुन्या पेट्या कोणाकोणाच्या आहेत? नावं घे. तुला आत्ता सोडतो.”

मला चित्रा आठवली, भिंतीकडे तोंड करून पडलेली. फार सोपं होतं. “सर, इथे माझी चौकशी आहे,” मी म्हणाले. “माझ्याबद्दल विचारा.”

मला बाहेर बसवलं आणि थोड्या वेळाने परत आत बोलावलं. पुराव्याअभावी कोणतीही कारवाई नाही, असं देशकर सरांनी वाचून दाखवलं. बाबांचं बोलणं खोडलेलं होतं. पेटी माझीच आहे, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ते विचारलं. “एवढ्यावर समाधान मान, पोरी,” सर म्हणाले. ते थकलेले दिसत होते. मी मानलं.

बाहेर बाबा झाडाखाली उकिडवे बसले होते. मला पाहताच उठले.

“सोडलं न?”

“सोडलं.”

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी कॉलेजात पहिली आले असते तरी तसा उजळला नसता. “मी म्हटलंच होतं. हात जोडले का मानूस पाघयतेच. चांगले हायेत तुये सायेब.”

“बाबा, मी केलंच नव्हतं.”

“बरं.”

“खरंच नव्हतं केलं. पेटी माहीच होती. म्हून सोडलं त्यायनं.”

बाबांनी पिशवीतून भाकरी काढली, मोडून अर्धी माझ्या हातात दिली. त्यांच्या डोळ्यांत एवढी माया होती, की ती पाहवेना. “हे पाह्य बाई,” ते हळूच म्हणाले, कोणी ऐकू नये म्हणून. “मी तुले काही इचारलं का? नाही न? आन् कधी इचारनारबी नाही. लेकरू हाय, चुकते. झालं गेलं. जेव आता.”

मी जेवले. ठेचा तिखट होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी खपून गेलं. दुपारच्या बसने ते गेले. मी वसतिगृहात परतले तेव्हा चित्रा केस विंचरत होती. “काय झालं?” तिने आरशातूनच विचारलं. “सुटले,” मी म्हणाले. “आन् बाकीच्यायचं?” ती म्हणाली.

मी पास झाले, स्पर्धा परीक्षा दिल्या, कृषी अधिकारी झाले. दर्यापूरचं स्थळ कधीचंच दुसरीकडे गेलं होतं. बाबांना मी नंतरही दोन-तीनदा सांगून पाहिलं. दर वेळी ते “बरं, बरं” म्हणून विषय बदलायचे, माझी लाज राखायला. मग मी सोडून दिलं.

मागच्या वर्षी बाबा गेले. तेरवीला गाव जेवून गेल्यावर बाबांचे जुने सोबती भगवानकाका माझ्याजवळ येऊन बसले. चक्कीच्या ओट्यावर बाबांबरोबर त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं.

“तुयासाठी कालेजात सायबाचे पाय धरले होते तुया बापानं,” ते म्हणाले. “लय अभिमान होता त्याले. मी सोडवून आणली माई पोर, म्हने, तवा ती सायेब झाली. पन काय केलतं तुवा, हे त्यानं मरेस्तोवर नाही सांगतलं. मी लय खोदून पाह्यलं. पोरीची गोष्ट हाय म्हने, पोटातच राहीन.”

काका आणखी जवळ सरकले.

“काय केलतं वो बाई, एवढं?”

ओट्यावर बाबांची टोपी खुंटीला होती तशीच होती. काका वाट पाहत होते. समितीसमोर जे तोंडातून निघालं नव्हतं, ते मी अगदी सहज बोलले.

“पेटी दुसऱ्याची देल्ली होती काका,” मी म्हणाले. “बाबा होते म्हून वाचली.”